कण्यातला सांधा

जहाज बुडवायला सकाळी सहाला सुरुवात झाली, आणि ते बुडवत होती मिस्त्रींची थोरली सून.

मिस्त्रींनी उभ्या जन्मात साठेक बोटी बांधून पाण्यात सोडल्या होत्या. त्यांतली एकही बुडाली नव्हती. धडधाकट जहाज आपल्या हातानं बुडवायचं, ही गोष्ट त्यांच्या पचनीच पडत नव्हती. जहाजाच्या डाव्या भिंतीवर, कठडा घट्ट धरून ते उभे होते. जहाज कसलं, दोन उंच पोलादी भिंती, मध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा उघडा तळ आणि मागचं दार सताड उघडं. पोटातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी शिरत होतं, तसतसा तो तळ गपगुमान पाण्याखाली जात होता.

"एवढं पाणी पिऊन ते परत वर येणार कशावरून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"ती आणील," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "तुम्ही चहा प्या. गार होतोय."

'ती' समोरच्या भिंतीवर होती. अंगात केशरी जाकीट, डोक्याला हेल्मेट, एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात गुंडाळलेला नकाशा. बारा वर्षांपूर्वी ती सून म्हणून घरात आली, तेव्हा जहाजावर नोकरी म्हणजे हिशेब-टिपणाचं काम असेल, असं मिस्त्रींनी धरून चाललं होतं. पुढे खरं कळलं तरी त्यांनी तिच्या कामाला 'कागदी काम' हेच नाव ठेवलं. रंधा धरणाऱ्याला तेवढा माज असतो. घरात दोघं एकमेकांशी अदबीनं बोलत, पण कामापुरतं.

आज पहिल्यांदाच ते तिचं काम बघत होते.

आठ वाजता बोटी आत यायला लागल्या. एकूण पंधरा. तीन मजली, काचेच्या खिडक्यांच्या मोठ्या यॉट होत्या, सडपातळ शर्यतीच्या बोटी होत्या. ज्या समुद्रात एरवी त्या स्वतः धावायच्या, तो आता जहाजाच्या कुशीत बसून ओलांडणार होत्या. एकेक बोट मागच्या दारातून हळूच आत येई, दोन्ही भिंतींवरचे दोरवाले तिचे दोर झेलत आणि सूनबाई तिला जागेवर बसवी.

"डावीकडे वीतभर. अजून चार बोटं. बस्स. बांधा."

आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. पहिली बोट घातली ती शेवटची कशी आत येईल याचा विचार करून, आणि सगळ्यांत मोठी यॉट तिनं अशी सरकवली की दोन्ही बाजूंना हातभरच पाणी उरलं. त्या यॉटचा जाडजूड कप्तान सुरुवातीला कुरकुरत होता. बोट बांधून झाल्यावर त्यानं टोपी काढून तिच्याकडे बघून हलवली. मिस्त्रींना आपलीच कुणी पाठ थोपटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःचा रागही आला.

"कागदी काम," मिस्त्रीणबाई बशीत बघत म्हणाल्या.

"मी काही बोललो का?"

"नाही ना. तेच म्हणते मी."

सगळ्यांत शेवटी टिटवी आली.

बाकीच्या चौदा बोटी पांढऱ्या आणि चकचकीत होत्या, ही मात्र लाकडाची, मधाच्या रंगाची. अडतीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी ती बांधली आणि तिनं मिस्त्रींचं नाव बांधलं. 'अखंड कण्याची बोट' म्हणून तिची ख्याती होती. बोटीच्या तळाचा कणा, ज्यावर सगळा सांगाडा उभा राहतो, तो तिचा एकाच लाकडाचा, बिनसांध्याचा. एवढं लांब लाकूड मिळवणं आणि ते न चुकता कापणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, असं सगळे म्हणत आणि मिस्त्री ते मान खाली घालून ऐकत. लोकांना तो विनय वाटे.

टिटवीचे जुने मालक थकले आणि त्यांनी ती विकायला काढली. घेतली कुणी, तर मिस्त्रींच्या धाकट्या मुलानं. अकरा वर्षांपूर्वी तो बापाशी भांडून समुद्रापलीकडे निघून गेला होता, तिथं बोटी दुरुस्त करायचा. त्या दिवसापासून बाप-लेकांत एक शब्द नव्हता. टिटवी आता त्याच्याकडे चालली होती, म्हणून आज अख्खं घर जहाजावर जमलं होतं. थोरला मुलगा तर कामावरच होता. या फेरीतल्या सगळ्या बोटींच्या मालकांचा एजंट तोच. मुलगी पाण्याखाली होती. तिचा धंदा पाणबुड्याचा, आणि घरातलं नाव पाणकोंबडी.

साडेअकराला मागचं दार मोकळं ठेवूनच पंप उलटे फिरले. टाक्यांतलं पाणी बाहेर पडायला लागलं आणि जहाज वर यायला लागलं. तळावर लाकडी ठोकळे आधीच मांडून ठेवलेले होते, प्रत्येक बोटीच्या मापाचे. जहाज उठेल तसा प्रत्येक बोटीचा कणा आपापल्या ठोकळ्यांवर टेकणार, पाणबुडे बाजूंनी टेकू लावणार, आणि पाणी ओसरलं की वेल्डर ते टेकू तळाला पक्के जोडून टाकणार. टिटवीचा कणा सगळ्यांत खोल, त्यामुळे आधी टेकणार तीच.

"म्हणतात ना, टिटवीनं समुद्र आटवला," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "बघा, खरंच आटतोय."

मिस्त्री हसले नाहीत. दोन्ही भिंतींना जोडणाऱ्या पुलावरून सूनबाई त्यांच्याकडेच येत होती.

तिनं नकाशा कठड्यावर पसरला. "मामंजी, हा टिटवीचा आराखडा. तुमचाच आहे, खाली सही पण आहे. ठोकळे यावरून मांडलेत, सात. मला सगळं बरोबर दिसतंय. तरी टेकायच्या आधी एकदा नजर टाका."

मिस्त्रींनी नजर टाकली. पहिला ठोकळा, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्यावर नजर गेली आणि तिथंच थांबली.

पाचवा ठोकळा नेमका सांध्याखाली होता.

कारण टिटवीचा कणा अखंड नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी एका सकाळी मिस्त्रींनी माप घेताना चूक केली होती आणि ते दुर्मीळ लाकूड दोन हात आखूड कापलं होतं. दुसरं आणायला ना वेळ होता, ना तोंड. त्यांनी तुकडा जोडला. जोडला मात्र असा की पाण्यात सांध्याला काही व्हायचं कारण नव्हतं, पाणी बोटीला सगळीकडून उचलून धरतं. पण कोरड्यात सगळं ओझं ठोकळ्यांवर येतं, आणि बरोबर सांध्याखाली ठोकळा म्हणजे गुडघ्यावर काठी मोडण्यासारखं. म्हणून दर दोन वर्षांनी टिटवी बाहेर काढत, तेव्हा ठोकळे मिस्त्री एकट्यानं लावत.

वॉकीटॉकी खरखरला. पाण्यावर आलेल्या पाणकोंबडीचा आवाज. "वहिनी, ठोकळे आणि कणा, मध्ये हातभर अंतर. सगळं चित्राबरहुकूम."

"घेते वर," सूनबाई म्हणाली आणि मिस्त्रींकडे पाहिलं. "मामंजी?"

कदाचित सांधा धरेलही. एवढी वर्षं धरलाच की. मिस्त्रींच्या मनात हे आलं. मग हेही आलं की बोट कलंडली तर तिच्या बाजूला टेकू धरून त्यांची स्वतःची मुलगी पोहत असणार.

"थांब," ते म्हणाले.

सूनबाईनं 'का' विचारलं नाही. तिनं बटण दाबलं. "सगळे पंप बंद. पाणबुडे बोटींपासून लांब. दोरवाले, दोर ताणून धरा." तीन वाक्यं. पायाखालची थरथर थांबली, आणि मगच तिनं विचारलं, "काय झालं?"

या बाईनं आपल्या एका शब्दावर हे एवढं धूड थांबवलं, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं आणि ते आराखड्याकडेच बघत राहिले.

तोवर थोरला पलीकडून धावत आला. "पंप का बंद? अगं, दुपारी वारा सुटणार आहे! लाट आत आली तर चौदा बोटी भिंतींवर आपटतील. मी मालकांना काय तोंड दाखवू?"

"मामंजींनी थांब म्हटलंय."

"का पण?"

"ते सांगतील."

"बाबांचा आराखडा, बाबांची बोट! त्यात काय बघायचं राहिलं? आख्ख्या खाडीत असा अखंड कणा..."

"अखंड नाही तो," मिस्त्री म्हणाले.

थोरल्यानं नकाशाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"सांधा आहे त्यात. पाचव्या ठोकळ्यावर. माझ्या हातून लाकूड आखूड कापलं गेलं होतं."

थोरल्याचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे धाकटा खरं बोलत होता." त्याचा आवाज बारीक झाला होता. "तळाचा रंग खरवडताना त्याला दिसलं. मालकासमोर त्यानं तुम्हाला विचारलं, बाबा, इथे सांधा आहे का? आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात, बापाचं नाव बुडवायला निघालास, खोटारडा! आणि मी... मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो. त्याच्या अंगावर धावून गेलो मी, बाबा! अकरा वर्षं!"

"त्यांना एकट्यांना बोलू नकोस," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. कपबशी त्यांनी खाली ठेवली होती. "सांध्याचा सरस मी ढवळला होता. मलाही ठाऊक होतं. नवऱ्याची अब्रू झाकता झाकता मी पोरगा गमावला."

थोरला आईकडे बघतच राहिला. आजवर घरातल्या प्रत्येक भांडणात तो आणि आई एका बाजूला असत. त्याला एकदम कुणाच्याच बाजूला जागा उरली नाही. तो बायकोकडे वळला.

"आता काय करायचं?"

"भांडण घरी," ती म्हणाली. त्यात ना धार होती, ना टोमणा. "इथे बोट आहे. मामंजी, ठोकळा कुठे हवा?"

मिस्त्रींनी खिशातली सुतारी पेन्सिल काढली. रेघ सरळ आली. "हा पाचवा दोन हात पुढे. आणि एक जादा, इथे, सांध्याच्या मागे. म्हणजे सांधा दोन्हींच्या मध्ये लोंबकळेल, त्याच्यावर काही येणार नाही."

"ठोकळा सरकवायला कण्याखाली हातभर जागा पुरणार नाही. अर्धा मीटर परत बुडवावं लागेल." तिनं समुद्राकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वारा तीनला म्हणतायत. मी दोनला सुटणार असं धरते. पाऊण तास आहे."

"आणि नाही जमलं तर?" थोरल्यानं विचारलं.

"तर टिटवी बाहेर काढते आणि बाकीच्या चौदा घेऊन जाते. पण जमेल. तू त्या भिंतीवर जा, दर बोटीला दोन रबरी गाद्या जास्त लावून घे. कप्तान तुझं ऐकतात."

एरवी शंभर शंका काढणारा थोरला मुकाट पळाला.

पुढचा पाऊण तास मिस्त्रींनी आयुष्यभर लक्षात ठेवला. जहाज पुन्हा खाली गेलं, मोजून अर्धा मीटर, बोटभर इकडे की तिकडे नाही. पाणकोंबडी आणि तिचा जोडीदार खाली गेले. ऐंशी किलोचा ठोकळा त्यांनी हवेच्या पिशवीनं उचलला, बोल्ट सोडले, पुढे नेला, परत आवळले, मग जादाचा ठोकळा सांध्याच्या मागे बसवला. खालून मोजमापं येत, सूनबाई ती म्हणून दाखवी, मिस्त्री मान हलवत किंवा "अजून चार बोटं" म्हणत. एकदा लाट आत शिरली. पंधराच्या पंधरा बोटी एकदम वर-खाली झाल्या, कुठेतरी गादी कचकन दबली. सूनबाईनं नुसतं "मागचे दोन दोर, सैल... आता घट्ट" म्हटलं आणि बोटी मुकाट झाल्या. सुतारकामात लाकडाचा कल बघून हत्यार चालवतात. ही बाई पाण्याचा कल बघत होती. कागद तिच्या हातात होता, पण बघत होती ती पाण्याकडेच.

सव्वा वाजता पाणकोंबडी वर आली आणि अंगठा दाखवला.

"मला टिटवीवर जाऊ दे," मिस्त्री म्हणाले.

"बोट टेकताना आत कुणी नसतं, मामंजी. नियम आहे."

"सांध्याचा आवाज मलाच कळेल. फुटायच्या आधी लाकूड कण्हतं. वरून तुला ऐकू नाही यायचं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. नियम कशासाठी आहे ते तिला त्यांच्याहून चांगलं ठाऊक होतं. "अर्धं ओझं आलं की बाहेर यायचं. मी 'बाहेर' म्हटलं की बाहेर, वाद नाही." तिनं आपल्या हातांनी त्यांना लाइफ जॅकेट चढवलं, पट्टा आवळला आणि वॉकीटॉकी दिला. "आणि दोर कमरेला. त्याचं दुसरं टोक तुमच्या थोरल्याच्या हातात."

चौऱ्याहत्तर वर्षांचे मिस्त्री शिडीनं टिटवीवर उतरले. आत गेले, मधली फळी उचलली आणि गुडघ्यांवर बसून कण्याला कान लावला. लाकूड गार होतं. खालून पंपांची घरघर येत होती. मग हळूच एक धक्का आला, पाळण्यातलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा. टिटवी टेकली होती.

"मामंजी?"

"वर घे. हळू."

पुढे एक करकर झाली. ती फळ्यांची, ती ते ओळखत होते. मग मागे एक बारीक कुईं. त्यांनी हात सांध्यावर ठेवला. तिथे काहीच हललं नाही. स्वतःच्या पस्तिशीतल्या हातांचं काम त्यांना तळव्याखाली लागत होतं, आणि कधी नव्हे ते त्यांना लाज वाटली नाही. चूक झाली होती, पण जोड पक्की होती.

"सांधा गप्प आहे," ते म्हणाले. "घे वर."

"बाहेर," सूनबाई म्हणाली.

वाद नाही. ते बाहेर आले.

दोनला दहा मिनिटं असताना शेवटची बोट टेकली. वारा सुटला तेव्हा तळावर घोटाभर पाणी होतं आणि पंधरा बोटी आपापल्या ठोकळ्यांवर ताठ उभ्या होत्या. वेल्डरांच्या ठिणग्या उडायला लागल्या. थोरला कप्तानांमध्ये फिरत होता आणि ज्याला त्याला सांगत होता, "माझी बायको."

मिस्त्री सूनबाईबरोबर टिटवीच्या पोटाखाली उभे राहिले. तिनं आराखडा पुढे केला. "पलीकडे उतरवताना हाच कागद लागेल. तुमच्या हातानं दुरुस्त करा."

त्यांनी लिहिलं : कणा दोन लाकडांचा. सांधा इथे. खाली ठोकळा ठेवू नये. सही केली. मग विचारलं, "आजवर तू मला कधी काही विचारलं नाहीस. आज कसं विचारलंस?"

ती थोडी घुटमळली. "धाकट्या भावजींनी लिहिलं होतं. ठोकळे लावताना बाबांना दाखव, एवढंच. मी 'का' म्हणून विचारलं, तर म्हणाले, ते सांगतील. आणि नाही सांगितलं तर? म्हटलं मी. तर म्हणाले, बाबा माणसाला पाडतील, बोटीला पडू देणार नाहीत."

मिस्त्रींनी पेन्सिल खिशात घालायचा दोनदा प्रयत्न केला. खिसा सापडेना.

पाणकोंबडी ओल्या केसांनीच येऊन टिटवीच्या फळ्यांवरून हात फिरवत होती. "वहिनी, ही तीन आठवडे उन्हात कोरडी उभी राहणार. लाकूड सुकलं की फळ्यांच्या फटी पडतील."

"हो. रोज दोनदा पाणी मारावं लागेल, ओली पोती बांधावी लागतील. खलाशांना सांगून ठेवते."

"खलाशी?" मिस्त्री म्हणाले. "त्यांना काय कळतंय कुठे किती मारायचं ते. बोटीबरोबर जायला माणसाला जागा असते का जहाजावर?"

पाणकोंबडीचा हात फळीवरच थांबला.

"असते," सूनबाई सावकाश म्हणाली. "काही मालक आपला माणूस पाठवतात. जहाज परवा सुटेल. पण पासपोर्ट लागेल, मामंजी."

"आहे त्यांचा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी मी भांडून काढायला लावला. तेव्हापासून चादरींखाली पडलाय. माझाही आहे. पण मी विमानानं जाईन आणि तुम्ही पोचाल तेव्हा धक्क्यावर उभी असेन. तीन आठवडे तुमच्या तोंडाकडे बघायची माझी तयारी नाही."

पाणकोंबडी फिसकन हसली. मग सूनबाई, मग स्वतः मिस्त्रीणबाई, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

थोरला आला. काय चाललंय ते त्याला बहिणीनं दोन वाक्यांत सांगितलं. तो बापाकडे बघेना, पण खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि हात लांब करून धरला. "मी नाही बोलणार तुमच्या वतीनं. एकदा बोललो, पुरे झालं."

मिस्त्रींनी फोन घेतला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणीतरी उचलला. मागे कानशीचा आवाज येत होता, लाकूड घासल्याचा. तो थांबला.

"बोल दादा," धाकटा म्हणाला.

"दादा नाही. मी आहे."

पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सांधा आहे," मिस्त्री म्हणाले. "तू खरं बोलला होतास. आज सगळ्यांसमोर सांगितलं मी. तुझ्यासमोर सांगायचं राहिलंय."

वेल्डरची ठिणगी विझली, दुसरी उडाली. मिस्त्रींनी फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला.

"बोट कशी आहे?" धाकट्यानं विचारलं.

"उभी आहे. तुझ्या वहिनीनं उभी केली. पण कोरडी पडतेय रे. पाणी मारायला मी येतोय."